कारखाने एकमेकांना घडवतात तेव्हा: केडगावच्या निमित्ताने एक आढावा

नगरहून पुण्याच्या रस्त्याला लागले की केडगाव यायच्या आधी कायनेटिक चौक लागतो. हे नाव आले नगर-दौंड रस्त्यावरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्यावरून. नगरच्याच फिरोदिया घराण्यातले हस्तीमल फिरोदिया यांनी ही कंपनी उभी केली आणि १९७२ साली लुना बाजारात आणली. मास्तरांपासून दूधवाल्यांपर्यंत कित्येकांच्या घरातले पहिले वाहन म्हणजे लुना. १९८४ मध्ये जपानच्या होंडाशी करार झाला आणि कायनेटिक होंडा स्कूटर आली. तिचा कारखाना मध्य प्रदेशात पीथमपूरला होता. १९९८ मध्ये होंडा भागीदारीतून बाहेर पडली. २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकीचा धंदा महिंद्राने घेतला. नगरचा कारखाना मात्र टिकला, आणि टिकताना त्याने आपली जागा बदलली. पूर्वी तो इतरांकडून सुटे भाग घेऊन गाडी जोडायचा. पुढे तो इतरांच्या गाड्यांसाठी गिअर, शाफ्ट आणि ट्रान्समिशनचे भाग बनवू लागला. एकेकाळी पुरवठादारांकडून माल घेणारा स्वतःच पुरवठादार झाला.

एकमेकांना माल देणारे, एकमेकांचे जॉबवर्क करणारे कारखाने काळाच्या ओघात एकमेकांना कसे बदलवतात, हा प्रश्न या एका उदाहरणातून नीट दिसतो. केडगावची औद्योगिक वसाहत, पलीकडची नागापूरची एमआयडीसी आणि पुण्याच्या वाटेवरचे सुपे इथल्या टर्निंग, प्रेस, वेल्डिंग, प्लेटिंग, पावडर कोटिंगच्या शेडमध्ये हा रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे. अर्थशास्त्रज्ञ आणि व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक त्यावर शंभराहून अधिक वर्षे लिहीत आले आहेत. त्या अभ्यासाचे सार आणि आपल्याकडचा अनुभव एकत्र ठेवून पाहावे, हा या लेखाचा हेतू. माझे मत आधीच सांगतो. कारखाने एकत्र वाढतात की एक वाढतो आणि बाकीचे त्याच्या सावलीत खुरटतात, याचा निकाल तीन गोष्टींवर लागतो: शिकण्याचा खर्च कोण करतो, शिकण्याचा फायदा कोणाकडे राहतो, आणि लहान कारखान्याला दुसरे गिऱ्हाईक आहे की नाही.

घ्यावे की बनवावे

१८९० साली इंग्लंडच्या आल्फ्रेड मार्शल यांनी आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात शेफील्डसारख्या गावांकडे लक्ष वेधले. तिथे चाकू-सुऱ्या बनवणारे शेकडो लहान कारखानदार एकमेकांच्या शेजारी होते. एका ठिकाणी एक धंदा वाढला की कसबी कारागीर, सुट्या मालाचे पुरवठादार आणि धंद्यातले ज्ञान हे तिन्ही आपोआप जवळ येतात, असे त्यांचे म्हणणे. कोल्हापूरच्या फाउंड्र्या किंवा इचलकरंजीचे यंत्रमाग पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१९३७ मध्ये रोनाल्ड कोस यांनी उलट बाजूने विचारले: बाजारात सगळे विकत मिळते, तर कंपनी हवीच कशाला? त्यांचे उत्तर असे, की बाजारात व्यवहार करायलाही खर्च येतो. माल शोधायचा, भाव ठरवायचा, करार करायचा, तो पाळला जातो का ते पाहायचे. हा खर्च जास्त असेल तिथे कंपनी ती वस्तू स्वतः बनवते. पुढे ऑलिव्हर विल्यमसन यांनी यात एक महत्त्वाची भर घातली. एखाद्या गिऱ्हाइकासाठीच उपयोगी पडेल असा साचा, डाय किंवा फिक्स्चर पुरवठादाराने बनवले की तो अडकतो. त्या गिऱ्हाइकाने दर पाडले तरी त्याला सोडून जाता येत नाही. हे सूत्र लहान कारखानदाराला पुस्तकाविना पाठ असते, कारण त्या डायचा हप्ता बँकेत दर महिन्याला त्यालाच भरायचा असतो.

बाजार आणि कंपनी या दोन टोकांच्या मधली वाट १९८० नंतर चर्चेत आली. मायकेल पिओरे आणि चार्ल्स सेबल यांनी १९८४ च्या पुस्तकात इटलीच्या मध्य आणि ईशान्य भागातल्या लहान कारखान्यांच्या जाळ्यांकडे जगाचे लक्ष वेधले. ते स्पर्धा करत आणि एकमेकांचे कामही करत. वॉल्टर पॉवेल यांनी १९९० मध्ये मांडले की अशी जाळी ही स्वतंत्र व्यवस्था आहे. तिला बाजाराच्या किंवा कंपनीच्या मापाने मोजता येणार नाही. गॅरी जेरेफी, जॉन हम्फ्री आणि टिमथी स्टर्जन यांनी २००५ मध्ये या संबंधांचे पाच प्रकार केले. एका टोकाला निव्वळ खरेदी-विक्री, दुसऱ्या टोकाला सगळे एकाच कंपनीच्या पोटात. मध्ये तीन प्रकार, त्यांत एक बांधील पुरवठादाराचा आणि एक बरोबरीच्या नात्याचा. काम किती गुंतागुंतीचे आहे, ते ड्रॉइंगवर किती नेमके लिहिता येते आणि पुरवठादाराची कुवत किती, यावर प्रकार ठरतो. यातली तिसरी गोष्ट स्थिर नसते. पुरवठादाराची कुवत वाढली की नाते बदलायला हवे. ते बदलत नाही तेव्हा कुरबुरी सुरू होतात.

असे एकमेकांमुळे बदलत जाणे म्हणजे सहउत्क्रांती. ही कल्पना जीवशास्त्रातून आली. १९६४ मध्ये पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी फुलपाखरे आणि त्यांच्या अळ्यांना पोसणाऱ्या वनस्पती यांचा अभ्यास केला. वनस्पती विषारी द्रव्ये तयार करतात, अळ्या ती पचवायला शिकतात, मग वनस्पती पुन्हा बदलतात. दोघांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला असतो. उद्योगांना ही कल्पना लावताना एक इशारा लक्षात ठेवला पाहिजे: सहउत्क्रांतीत दोघांचेही भले होईलच असे नाही. दोघेही एकमेकांमुळे बदलतात, एवढीच खात्री असते.

कारियाची आग

एकमेकांमुळे बदललेले जाळे किती बळकट असू शकते, याचे बहुधा सर्वांत जास्त अभ्यासलेले उदाहरण जपानचे आहे. १ फेब्रुवारी १९९७ च्या पहाटे कारिया इथल्या आयसिन सेकी कंपनीच्या एका कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये लागणारा एक छोटा व्हॉल्व्ह तिथेच बनत असे. टोयोटा माल साठवून ठेवत नसे, त्यामुळे हाताशी थोड्याच तासांचा साठा होता. काही दिवसांत टोयोटाचे बहुतेक कारखाने थांबले.

पुढे जे घडले ते अभ्यासकांनी बारकाईने नोंदवून ठेवले आहे. आयसिनने ड्रॉइंग बाहेर दिली आणि सुमारे २०० कंपन्या या ना त्या रीतीने कामाला लागल्या. काहींनी आपल्या प्रोटोटाइप शॉपमधली यंत्रे लावली, काहींनी जिग आणि फिक्स्चर नव्याने बनवली. शिलाई यंत्रे बनवणाऱ्या ब्रदर कंपनीनेही व्हॉल्व्ह केले. मोटारीच्या भागांशी तिचा पूर्वी संबंध नव्हता. दर, पेटंट, नुकसानभरपाई यांवर आधी कोणी घासाघीस केली नाही. आठवड्याभरातच टोयोटाचे कारखाने पुन्हा चालू लागले. नंतर टोयोटाने पहिल्या फळीतल्या पुरवठादारांना त्यांच्या त्या तिमाहीतल्या विक्रीच्या १ टक्का रक्कम दिली आणि त्यांतल्या अनेकांनी ती आपल्या पुरवठादारांपर्यंत पोचवली.

हे आगीच्या दिवशी सुचलेले शहाणपण नव्हते. टोयोटाच्या पुरवठादारांची संघटना दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून होती. टोयोटाचे सल्लागार पुरवठादाराच्या कारखान्यात जाऊन महिनोन्महिने काम करत. पुरवठादारांचे छोटे गट एकमेकांच्या शॉपफ्लोअरवर जाऊन सुधारणा करून दाखवत. जेफ्री डायर आणि केंतारो नोबेओका यांनी २००० साली या पद्धतीचा अभ्यास करून तिची एक अट सांगितली: जाळ्यात आलेले ज्ञान जाळ्याचे. एका पुरवठादाराकडे शिकलेली युक्ती दुसऱ्याला खुली करावी लागे. त्या बदल्यात सुधारणेतून झालेली बचत लगेच हिसकावून घेतली जात नसे. काही काळ ती पुरवठादाराकडे राहू दिली जाई. आपल्याकडचे पुष्कळ व्यवस्थापक जपानला जाऊन ‘जस्ट इन टाइम’ आणि कायझेन पाहून आले. बचत वाटून घेण्याची ही अट मात्र फार थोड्यांनी आणली.

महाराष्ट्रातल्या तीन वाटा

आपल्या राज्यात अशी जाळी किमान तीन वाटांनी उभी राहिली.

पहिली वाट कारागिरीची. कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात शेतीच्या ऑइल इंजिनांपासून सुरुवात झाली. इंजिन दुरुस्त करणारा इंजिन बनवू लागला, त्याला बीड ओतणारा लागला, पॅटर्न करणारा सुतार लागला, मशीनिंग करणारा लागला. मोठी कंपनी मध्यभागी नव्हती. ऑइल इंजिनांची मागणी कमी होत गेली तसा हा पट्टा वाहनांच्या कास्टिंगकडे वळला. कौशल्य अनेक हातांत वाटलेले होते, म्हणून त्याला वळता आले.

दुसरी वाट मोठ्या कंपनीने पायाभरणी करण्याची. सुमंत मूळगावकरांनी १९६० च्या दशकात टेल्कोसाठी पिंपरी-चिंचवडला जागा घेतली, तेव्हा तिथे ट्रक जोडण्याच्या आधी यंत्रे व साचे बनवण्याचा विभाग आणि कामगारांच्या प्रशिक्षणाची सोय उभी राहिली. तिथे तयार झालेले टूलमेकर आणि फिटर पुढे चिंचवड-भोसरीच्या शेडमध्ये स्वतःचे मालक झाले. १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झालेल्या एमआयडीसीने त्यांना जमीन, पाणी आणि वीज दिली. टेल्कोत तयार झालेले हात टेल्कोच्या स्पर्धकांच्याही कामी आले. कंपनीच्या हिशोबात हा तोटा दिसेल. पुण्याच्या हिशोबात तो गेल्या साठ वर्षांतला सर्वांत मोठा नफा आहे.

तिसरी वाट एका गिऱ्हाइकापासून सुरू होऊन त्याच्या पलीकडे जाण्याची. बजाज ऑटोने १९८५ मध्ये वाळूजला कारखाना काढला. त्याच वर्षी अनुरंग जैन यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगचे छोटे युनिट बजाजसाठी सुरू केले; तीच आजची एंड्युरन्स. त्यांचे जुळे बंधू तरंग जैन यांची वेरॉकही बजाजच्या कामावरच उभी राहिली. दोघांचे बजाज कुटुंबाशी नाते होते, तेव्हा सुरुवातीचा विश्वास आयता मिळाला हे मान्य करायला हवे. पुढची वाट मात्र त्यांची स्वतःची आहे. एंड्युरन्सने सस्पेन्शन, ब्रेक, क्लच असे स्वतःच्या डिझाइनचे भाग आणले, इतर वाहन कंपन्या जोडल्या, जर्मनी आणि इटलीत कारखाने घेतले आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात नाव नोंदवले. वेरॉकने २०१२ मध्ये अमेरिकन कंपनीचा दिव्यांचा जागतिक धंदा घेतला आणि २०२२ मध्ये तो विकून टाकला. वाढीच्या या वाटेवर ठेचाही लागतात. पण दोन्ही कंपन्या नुसत्या मिळालेल्या ड्रॉइंगवर माल करत राहिल्या असत्या, तर त्या वाळूजच्या बाहेर पडल्या नसत्या.

नगरची वाट

नगरला या तिन्ही वाटांचे काही ना काही मिळाले, पण कोणतीही एक पूर्णपणे मिळाली नाही. लुनाच्या काळात शहराला प्रेस, गिअर, वेल्डिंग, प्लेटिंगची कामे कळली. त्याच सुमारास आणि नंतर नागापूरच्या एमआयडीसीत विजेची स्विचगिअर, विजेच्या मोटारी, बॅटऱ्या असे वेगवेगळे मोठे कारखाने आले. लार्सन अँड टुब्रोचा इथला स्विचगिअर कारखाना २०२० मध्ये बाकीच्या विद्युत व्यवसायाबरोबर श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. २०२४ पासून त्या व्यवसायाचे नाव लॉरिट्झ नुडसेन आहे. सुप्याला कॅरियर मिडियासारखे वातानुकूलन यंत्रांचे कारखाने आले. संरक्षण संशोधनातली व्हीआरडीई ही वाहनांची चाचणी करणारी संस्था नगरलाच आहे.

मालकी बदलली की लहान पुरवठादाराच्या दृष्टीने काय बदलते, याकडे फार थोडे लक्ष जाते. खरेदी विभागातला ओळखीचा माणूस जातो. दर ठरवण्याची पद्धत बदलते. पुरवठादारांची यादी एकाच जागतिक सूचीत जाते. वीस वर्षांत जमलेली समजूत कागदावर कुठेच नसते, म्हणून ती हस्तांतरितही होत नाही.

नगरच्या बाबतीत जमेची बाजू अशी की इथली गिऱ्हाइके एकाच धंद्यातली नाहीत. दुचाकी मंदावली तरी स्विचगिअर चालू असते, ते थांबले तरी वातानुकूलन असते. प्रेसचे काम करणारा शेडवाला वाहनाचा ब्रॅकेट आणि स्विचगिअरची पट्टी दोन्ही करू शकतो. पुण्या-चाकणचा प्रचंड बाजार दोन-तीन तासांवर आहे. हे वैविध्य योजनेने आले नाही, पण तेच इथल्या लहान कारखान्यांचे खरे भांडवल आहे.

जिल्ह्याला पुरवठादारांचे आणखी एक जाळे माहीत आहे, आणि ते वाहनांपेक्षा जुने आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास तिथे गाळप सुरू झाले. तिथे ऊस देणारा शेतकरीच कारखान्याचा सभासद, म्हणजे मालक. पुरवठादार मालक झाला की भावाचा प्रश्न निदान सभेत मांडता येतो. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. तोही सगळीकडे पाळला जात नाही, पण थकला की मोर्चा निघतो, बातमी होते. थकलेल्या बिलासाठी शेडवाल्याचा मोर्चा कधी निघत नाही.

एका ब्रॅकेटचा प्रवास

आता एकच वस्तू जवळून पाहू. दुचाकीच्या स्टँडसाठी लागणारा पत्र्याचा ब्रॅकेट घ्या. पत्रा प्रेसवर कापायचा, दोन भोके पाडायची, वाकवायचा, त्याला एक बुश वेल्ड करायचा, मग प्लेटिंगला पाठवायचा. ड्रॉइंगवर दोन भोकांमधले अंतर दिलेले असते आणि त्याची सूट असते अधिक-उणे ०.२ मिलिमीटर.

प्रेसवरून निघालेला तुकडा गेजवर बरोबर बसतो. वेल्डिंग झाले की उष्णतेने पत्रा ओढला जातो आणि एक भोक सरकते. कंपनीच्या इनकमिंग तपासणीत शंभरातले काही नग गेजवर बसत नाहीत, लॉट परत येतो, डेबिट नोट येते. शेडवाला काय करतो? कानस घेऊन एक पोरगा बसवतो. तो प्रत्येक नगाचे भोक थोडे घासून मोठे करतो. माल पास होऊ लागतो. खर्च वाढतो, पण तो कंपनीला दिसत नाही. वर्षाच्या शेवटी खरेदी विभाग दरात कपात मागतो आणि शेडवाला त्या पोराच्या मजुरीतूनच ती कपात काढतो. पाच वर्षे गेली तरी ड्रॉइंग तेच राहते, गेज तेच राहते, कानसही तीच राहते. दोन्ही कारखाने एकत्र आहेत, पण कोणी कोणाकडून काही शिकलेले नाही.

हाच ब्रॅकेट दुसऱ्या रीतीनेही होऊ शकतो. कंपनीचा डेव्हलपमेंट इंजिनिअर शेडमध्ये येऊन वेल्डिंगच्या टेबलाजवळ उभा राहतो. वेल्डर त्याला दाखवतो की बुश आधी डावीकडून टॅक केला तर ओढ कमी पडते. दोघे मिळून पिन असलेले फिक्स्चर करतात. इंजिनिअरला कळते की त्या दोन भोकांपैकी एकाला नेमकी जागा लागतच नाही. ते लांबट केले तरी जोडणी नीट होते. ड्रॉइंग बदलते. कानस थांबते. पुढच्या मॉडेलचे ड्रॉइंग काढताना हाच इंजिनिअर ते भोक पहिल्यापासून लांबट ठेवतो. वेल्डरच्या हातातले ज्ञान डिझाइनच्या टेबलावर गेले, आणि डिझाइनच्या टेबलावरची समज वेल्डरकडे आली. कारखान्यांची सहउत्क्रांती म्हणतात ती याच पातळीवर घडते; बाकीचे सारे तिचे परिणाम.

आता बचतीचा प्रश्न येतो. फिक्स्चरमुळे नगामागे काही पैसे वाचले. ते सगळे पुढच्याच महिन्यात दरातून कापले गेले, तर शेडवाला एक धडा घेतो: पुढची युक्ती सांगायची नाही. तो सुधारणा करील, पण दार लावून करील. जाळ्यातले ज्ञान लपायला लागते ते इथून. खरेदी विभागाने एका तिमाहीत मिळवलेली कपात कंपनीला पुढच्या दहा वर्षांच्या सुधारणांना मुकवते, आणि हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात लिहिले जात नाही.

जवळिकीचा धोका

नाते घट्ट झाले म्हणजे सगळे चांगले, असे अभ्यास सांगत नाहीत. गेर्नोट ग्राभर यांनी १९९३ मध्ये जर्मनीच्या रूर खोऱ्याचा अभ्यास मांडला. तिथल्या पोलाद कंपन्या आणि त्यांचे यंत्रपुरवठादार यांचे संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचे. मागणी नक्की असे, म्हणून पुरवठादारांनी स्वतःचे संशोधन आणि विक्रीची बाजू वाढवलीच नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पोलादाचा धंदा बसू लागला, तेव्हा या पुरवठादारांना बाहेरचे गिऱ्हाईक शोधण्याची सवयही नव्हती आणि नवी वस्तू काढण्याची ताकदही नव्हती. वर्षानुवर्षांच्या खात्रीनेच त्यांना पांगळे केले होते.

ब्रायन उझी यांनी न्यूयॉर्कच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांचा अभ्यास केला तेव्हा असेच काही आढळले. ज्यांचे सगळे काम ओळखीच्यांकडूनच येत होते आणि ज्यांचे कोणाशीच घट्ट नाते नव्हते, ते दोघेही लवकर बंद पडत. काही नाती घट्ट आणि काही निव्वळ व्यवहाराची, असे मिश्रण असलेले कारखाने जास्त टिकत. आपल्याकडे शेडवाल्याला सल्ला दिला जातो की एका मोठ्या कंपनीचे व्हेंडर व्हा म्हणजे चिंता मिटली. रूर आणि न्यूयॉर्क दोन्ही ठिकाणचा अनुभव सांगतो की पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाल्या दिवसापासूनच दुसऱ्याची शोधाशोध सुरू करावी.

पाकिस्तानातल्या सियालकोटचे उदाहरण आणखी एक बाजू दाखवते. शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणारे शेकडो लहान कारखाने तिथे आहेत. १९९४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दर्जाच्या कारणावरून तिथल्या मालावर बंधने घातली. खालिद नदवी यांच्या अभ्यासानुसार तिथल्या उत्पादकांची संघटना सरकारकडे गेली, परदेशी सल्लागार आणले गेले, आणि मोठ्या संख्येने कारखान्यांनी दर्जाची नवी पद्धत शिकून घेतली. एकट्याने कोणालाच हे परवडले नसते. संघटनेची गरज संकटात कळते, पण संकट येण्याआधीच ती असावी लागते.

पैसा कोणाच्या हातात अडकतो

शिकण्याच्या या सगळ्या गोष्टी पैसा वेळेवर येत असेल तरच खऱ्या. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, अशी तरतूद आहे. वसुलीसाठी फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणारे ट्रेड्सचे ऑनलाइन मंच २०१७ पासून चालू आहेत. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात बदल करून असे ठरवले की मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच खर्चात धरता येईल.

कायदे आहेत, पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? फॅसिलिटेशन कौन्सिलकडे तक्रार करणारा शेडवाला त्या कंपनीची पुढची ऑर्डर गमावतो, हे त्याला आणि कंपनीला दोघांनाही माहीत असते. काही ठिकाणी आयकराच्या नव्या नियमानंतर लहानांकडून घेण्याऐवजी मध्यम उद्योगांकडून माल घेण्याकडे कल होईल अशी भीती व्यक्त झाली. ती काही प्रमाणात खरी ठरू शकते. म्हणून नुसत्या कायद्यापेक्षा दुसरे गिऱ्हाईक असणे हेच शेडवाल्याचे खरे संरक्षण आहे. ज्याला दुसरीकडे जाता येते, त्याचेच बिल वेळेवर पास होते.

साखळीच्या शेवटच्या टोकाला कंत्राटी कामगार असतो. मोठ्या कंपनीने शेडवाल्याचे पैसे ९० दिवस थांबवले, तर शेडवाला प्लेटिंगवाल्याचे थांबवतो आणि प्लेटिंगवाला पगाराची तारीख पुढे ढकलतो. अशा ठिकाणी कसबी सेटर टिकत नाही. तो चाकणला जातो. मग वर सांगितलेला ब्रॅकेट पुन्हा कानशीकडे वळतो.

विजेच्या गाडीचे वळण

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि इंजिनाच्या पुरवठादारांना सेन्सर, इंधन इंजेक्शन, उत्प्रेरक यांच्याशी जुळवून घ्यावे लागले. आता विजेची दुचाकी आली आहे. इंजिन, गिअरबॉक्स, सायलेन्सर यांच्यावर जगणाऱ्या शेडचे काम कमी होणार हे स्पष्ट आहे. सांगाडा, स्टँड, स्विंग आर्म, ब्रेक, चाक, प्लास्टिक, वायरिंग हे सगळे राहणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनने ई-लुना बाजारात आणली आणि तिचा मुख्य सांगाडा, स्टँड, स्विंग आर्म असे भाग कायनेटिक इंजिनिअरिंग नगरला बनवणार असे जाहीर झाले. पन्नास वर्षांपूर्वी इंजिनाची गाडी जोडणारा कारखाना आता विजेच्या गाडीचा सांगाडा वेल्ड करतो. एखाद्या कारखान्याची क्षमता एका उत्पादनापेक्षा जास्त जगू शकते, याचा हा ठोस पुरावा आहे.

प्रश्न आहे तो त्याच्या मागच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फळीचा. मोठ्या कारखान्याकडे नव्या यंत्रांसाठी कर्ज, सल्लागार आणि वेळ असतो. केडगावच्या शेडवाल्याकडे चालू महिन्याचे शेड्यूल असते. विजेच्या गाडीसाठी त्याने अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंग शिकायचे की वायर हार्नेसकडे वळायचे, हे त्याला एकट्याने ठरवता येणार नाही. बॅटरीच्या सुरक्षेच्या चाचण्या, कंपनाच्या चाचण्या यांची त्याला माहितीही नसते, आणि त्याच शहरात वाहनांची चाचणी करणारी संस्था असते. हे अंतर मिटवणे अवघड नाही. त्यासाठी कोणीतरी मध्ये उभे राहायला हवे.

काय करता येईल

पुण्यातले ऑटो क्लस्टर आणि वाळूजचे मराठवाडा ऑटो क्लस्टर केंद्राच्या योजनेतून उभे राहिले. महागडी मोजमाप यंत्रे, चाचणी प्रयोगशाळा, प्रोटोटाइपची सोय तिथे भाड्याने मिळते. पहिले म्हणजे, अशा सामाईक सोयींपैकी नगरला सर्वांत जास्त गरज टूलरूमची आहे. साचा स्वतःचा असलेला शेडवाला आपल्या कामाचा मालक असतो. साचा कंपनीचा असेल तर तो कंपनीचा मजूर ठरतो. सामाईक टूलरूममुळे तो निदान स्वतःचे फिक्स्चर, स्वतःची डाय करू शकतो.

दुसरे, मोठ्या कंपन्यांनी पुरवठा करारातच सुधारणेच्या बचतीचा वाटा लिहून द्यावा. पहिल्या वर्षी अर्धी बचत पुरवठादाराची, असे एक वाक्य करारात आले तरी शेडमधली दारे उघडतील. कंपनीला हे परोपकार म्हणून करायचे नाही. पुढच्या मॉडेलचे ड्रॉइंग सुधारायचे असेल, तर वेल्डरचे म्हणणे तिला ऐकावेच लागेल.

तिसरे, इथल्या उद्योजक संघटनांनी आणि आयटीआय-पॉलिटेक्निकनी एकत्र येऊन नव्या कामांची पूर्वतयारी करावी: विजेच्या गाडीचे भाग, स्विचगिअरची नवी मानके, वातानुकूलन यंत्रांचे पत्राकाम. सियालकोटने संकट आल्यावर जे केले ते आपण संकट येण्याआधी करू शकतो.

आणि शेवटी मोजणी. जिल्ह्याची औद्योगिक प्रगती आपण नव्या मोठ्या कारखान्याच्या गुंतवणुकीच्या आकड्याने आणि एमआयडीसीत वाटलेल्या एकरांनी मोजतो. ते आकडे खोटे नाहीत, पण त्यांत कारखान्याभोवतीच्या शेडचे काही कळत नाही. दरवर्षी तीन साध्या गोष्टी विचाराव्यात. केडगावच्या आणि नागापूरच्या किती लहान कारखान्यांकडे दोन वा अधिक वेगळ्या धंद्यांतली गिऱ्हाइके आहेत? त्यांतल्या किती जणांच्या सूचनेवरून गिऱ्हाइकाने यंदा ड्रॉइंग बदलले? आणि किती जणांची बिले ४५ दिवसांत निघाली? या तीन उत्तरांचे आकडे वाढत असतील, तर मोठा कारखाना राहो वा जावो, नगरचा उद्योग टिकेल आणि वाढेल. ते खाली जात असतील, तर कितीही मोठा कारखाना आला तरी त्याच्याबरोबर वाढणारे कोणी नसेल.